अजीमभाईची बदकचाल

आपल्या पेटीतली एकही बांगडी आज फुटणार नाही, असं अजीमभाईनं ब्रह्मपुरीपासून फाट्यापर्यंत जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. पण आठच दिवसांपूर्वी दवानं ओल्या झालेल्या धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, तो असा घसरला होता, की चार डझन बांगड्या खाली धानाच्या शेतात आणि तो त्यांच्यावर. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, कहकशाँनं, त्याला अंगणात पाणी ओतून नव्यानं चालायला शिकवलं होतं. पावलं छोटी टाका, तळवा सपाट ठेवा, गुडघे जरा वाकवा, हात मोकळे सोडा, घाई करू नका. थोडक्यात, बदकासारखं चाला.

आज लटारूभाऊच्या पोरीचं लग्न होतं आणि नवरीचा हिरवा चुडा अजीमभाईच्या पाठीवरच्या पेटीत होता. पंगतीला वांग्याची झणझणीत भाजी आणि वडे असणार, म्हणून तो घरून उपाशीच निघाला होता.

फाट्यावर तो उतरला तेव्हा धुकं दाटलेलं होतं. अजीमभाईनं पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि तो ओल्या धुऱ्यावरून गावाकडे डुलत निघाला.

मागून लटारूचा शेजारी मुखरू सायकल ढकलत आला. बराच वेळ तो ती चाल बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अजीमभाऊ, लय तरास होऊन राह्यला का?"

"आठ दिवसांपासून. घाई केली का संपलंच समज."

"बसता येते?"

"इथी कुठी बसू? पँट खराब होईन ना."

मुखरूला काय समजायचं ते समजलं. तो पुढे निघून गेला.

अजीमभाई न घसरता गावात पोचला. अंगणाअंगणात सडा घातलेला, म्हणून तिथेही त्यानं चाल सोडली नाही. लटारूभाऊ स्वतः सामोरा आला, त्याला दंडाला धरून मांडवात घेऊन गेला. सगळे पाहुणे चटईवर, अजीमभाईला मात्र दोन उशा. आपला एवढा मान आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं. त्यानं नवरीच्या दोन्ही हातांत चुडा भरला. एकही बांगडी तडकली नाही.

मग पंगत बसली. वांग्याची बादली त्याच्या पत्रावळीवरून तशीच पुढे गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा त्यानं हात पुढे केला, तेव्हा लटारूच्या बायकोनं, कमळाबाईनं, त्याच्यापुढे ताकभात ठेवला.

"तिखट नाई चालत तुमाले. आमाले मालूम हाये."

काय मालूम आहे, असं त्यानं विचारलं, तर सगळी पंगत आपापल्या पत्रावळीत बघू लागली. शेवटी मुखरूनं कानात सांगितलं, की मूळव्याधीवर तिखट म्हणजे विषच.

अजीमभाईचे कान तापले. तसलं काही नाही, घसरू नये म्हणून मी असा चालतो, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. लटारूभाऊनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लाजाचं नाई भाऊ. माह्या बापालेबी होती." तो जितका नाकारत गेला, तितकी माणसं जास्तच मायेनं वागू लागली. एवढ्यात गावची औषधवाली सुकरीबाई ताकात मुळी उगाळून घेऊन आली. भर लग्नात लटारूनं माणूस पाठवून तिला बोलावलं होतं. नाही कसं म्हणणार? पंगतीसमोर अजीमभाईनं ते कडूजहर औषध एका दमात पिऊन टाकलं.

परतताना ऊन तापलं होतं, धुरे कोरडे झाले होते. भुकेला अजीमभाई ताडताड निघाला. निरोप द्यायला शिवेपर्यंत आलेली माणसं ती सरळ चाल डोळे भरून बघत राहिली. एका मुळीत गुण आला होता!

पुढच्या बाजारात त्याच्या दुकानापुढे पुरुष येऊ लागले. एखादी बांगडी उचलायची, ठेवायची, मग कानाशी वाकायचं. पहिल्या दोघांना त्यानं खरं काय ते सांगितलं. औषध लपवतो म्हणून ते रुसून गेले. तिसऱ्याला मात्र त्यानं मुकाट्यानं सुकरीबाईचं गाव सांगितलं. गुण यायला किती दिवस लागले, असं त्या माणसानं विचारलं.

अजीमभाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, "पंगतीपासून शिवेपर्यंत."