हळद्याची डावी बाजू

निवृत्तीच्या चौथ्या दिवशी दालनकाकांनी घरातला पंखा तिसऱ्यांदा पुसला, तेव्हा काकूंनी चिरायची भाजी बाजूला ठेवून त्यांच्या हातातलं फडकंच काढून घेतलं.

"अहो, बाहेर पडा जरा. बागेत सकाळी पक्षी बघणारी मंडळी जमतात, त्यांच्यात जा."

"एकतीस वर्षं दुसरं काय बघितलं मी?"

"ते भुसा भरलेले होते. आता जिवंत बघा. जिवंतांना पुसावं लागत नाही."

काका संग्रहालयाच्या पक्षीदालनात शिपाई होते. सकाळी दालन उघडायचं, काचा पुसायच्या, "हात लावू नका" म्हणायचं आणि संध्याकाळी कुलूप घालायचं. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते दालनकाकाच राहिले. दुपारी गर्दी नसली की ते स्टुलावर बसून कपाटांतल्या पाट्या वाचत, आणि वाचून वाचून सगळ्या त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात दालनही बंद झालं. डांबराच्या गोळ्यांचा तो वास आता पुन्हा नाकाशी येणार नाही, या विचाराने त्यांना अजून गलबलून येई.

पहिल्या रविवारी ते बागेत मंडळींच्या मागे मागे चालले. दातांच्या डॉक्टरांनी दुर्बीण रोखून सांगितलं, "खंड्या."

"लांबी अकरा इंच," काकांच्या तोंडून आपोआप निघालं. "मातीच्या उभ्या कड्यात बीळ करतो. अंडी चार ते सात, पांढरी, गोल."

सगळे थबकले. डॉक्टरांनी मुद्दाम आणखी चार पक्षी दाखवले, काकांनी चारही पाट्या धडाधड म्हणून दाखवल्या. मंडळींच्या प्रमुख होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी काकांकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही इतके दिवस कुठे होतात?"

सर! एकतीस वर्षांच्या नोकरीत काकांना ही हाक कुणी मारली नव्हती. त्या दिवशी ते घरी गेले ते छाती काढून. काकूंना दोनदा तीच हकिकत ऐकावी लागली.

पण पंचाईत अशी होती, की दुसऱ्या कुणी नाव सांगितल्याशिवाय काकांना एकही पक्षी ओळखता येत नव्हता. दालनातले सगळे पक्षी दाराकडे तोंड करून बसलेले, म्हणजे काकांना त्यांची फक्त डावी बाजू ठाऊक. शिवाय ते जागचे हलत नसत. हे बागेतले मात्र एक क्षण स्वस्थ बसतील तर शपथ. काकांनी मग युक्ती काढली. डॉक्टर नाव घेईपर्यंत दुर्बिणीची काच पुसत राहायचं. काच पुसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे संशयही येत नसे.

झाकली मूठ सव्वा लाखाची राहिलीही असती. पण चौथ्या रविवारी डॉक्टर गावाला जायचे होते, आणि बाईंनी जाहीर केलं, "पुढच्या वेळी सर आपल्याला पक्षी दाखवतील." लगोलग डॉक्टर म्हणाले, "मग मी जाणं पुढे ढकलतो. हे चुकवायचं नाही."

काकांची आठवडाभर झोप उडाली. "पोट दुखतंय म्हणून सांगू का?" त्यांनी काकूंना विचारलं.

"सांगा. पण मग घरी बसून पुन्हा पंखे पुसायचे नाहीत."

रविवारी वीस माणसं जमली. अर्धा तास काका नुसतेच पुढे चालत होते आणि "श्श, बोलू नका," एवढंच सांगत होते. आता बिंग फुटणार, आपण पुन्हा फडकंवाले होणार, या भीतीने ते मागे वळूनही बघत नव्हते. एवढ्यात अंजिराच्या झाडावर त्यांची नजर गेली आणि ते जागीच उभे राहिले. पांढुरका, शांत, डावी बाजू पुढे करून बसलेला. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं झालं त्यांना.

"हळद्या," ते ठणकावून म्हणाले.

डॉक्टरांनी दुर्बीण लावली. "सर, हळद्या असा चुन्यासारखा?"

"नावावर जाऊ नका. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत आहे याची."

"पण हा हलत का नाही?"

"चांगला पक्षी हलत नाही," काका म्हणाले.

तेवढ्यात पानांतून एक पिवळाजर्द पक्षी सुटला आणि थेट त्या पांढुरक्याच्या टाळक्यावर चोच मारू लागला. भुशाचा धुरळा उडाला. मंडळींचे कॅमेरे खटाखट वाजू लागले, आणि काका हात उंचावून धावले. "हाड! कोण आहे रे हा पिवळा मवाली?"

कॅमेरे थांबले. माळी फांद्यांमागून पुढे आला. "ओरडू नका साहेब. हा भुशाचा आहे. संग्रहालयवाल्यांनी भंगारात टाकला होता, मी आणून बांधला. म्हटलं, बसलेला बघून बाकीचे अंजिरावर येणार नाहीत."

काका झाडाखाली गेले. डाव्या पायाला काळ्या दोऱ्याची जुनी गाठ होती, काकांनीच दालनात असताना मारलेली. वर तो पिवळा अजून फांदी सोडत नव्हता.

"दोन्ही हळद्याच आहेत, सर," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचा उन्हाने विटलाय, एवढंच."

काकांनी मान वर करून दोन्ही पक्षी पुन्हा पाहिले. पक्ष्यांना उजेड हवा म्हणून रोज सकाळी दालनाचे पडदे तेच तर उघडत होते. इतका पिवळा असतो हा, आणि त्यांना कधी कळलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"बाई, मला सर म्हणू नका. मी तिथे शिपाई होतो. धूळ पुसायचो."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शाळेच्या मुली घेऊन मी दरवर्षी यायचे. एकदा काचेला बोट लावलं, तर सगळ्या मुलींदेखत तुम्ही मला खडसावलंत. उभ्या नोकरीत मला रागावलेले तुम्ही एकटेच. मग तुम्हाला सर नाही तर काय म्हणू?"

काकांनी डोळे पुसले आणि मान खाली घातली.

"काच नुकतीच पुसली होती हो," ते म्हणाले.