तात्यांचा मांडव

आमच्या शेजारच्या तात्यांना कुणी लग्नपत्रिका दिली, की ते ती दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि देणाऱ्याच्या देखत सरळ चुलीत घालायचे. वर विचारायचे, "हां, आता तोंडानं सांग. कवा हाय लगीन?"

नवखा माणूस हबकायचाच. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका डोळ्यांदेखत जळतेय म्हणजे काय! राहुरीकडचा एक पाहुणा तर अपशकुन झाला म्हणून रडकुंडीला आला. तात्यांनी त्याला गूळपाणी दिलं आणि समजावलं, "अरं, कागदाला मुळं नसत्यात. हातावर तांदळाचे दोन दाने ठेव. आदल्या दिशी मी हजर."

आणि ते खरंच हजर व्हायचे. खांद्यावर शिडी, कमरेला कोयता, हातात घायपाताच्या दोराचं वेटोळं. गाव आमचं नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काठी. तात्या पाटकरी होते. पाटाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, एवढंच त्यांचं सरकारी काम. उरलेला सगळा जन्म त्यांनी लोकांचे मांडव घालण्यात घालवला. हौसेखातर. कुणी टोपी-टॉवेल दिला तर घ्यायचे, बाकी काही दिलं तर भांडायचे.

त्यांचा कायदा एकच. शिवारात उगवलं तेच मांडवात चढलं पाहिजे. शेवरीचे खांब, वर उसाचं पाचट, कमानीला मक्याची कणसं. रुखवतसुद्धा तेच करायचे. आता रुखवत म्हणजे बायकांचा प्रांत. नवरीच्या आया-मावश्यांनी आपली कलाकुसर मांडायची जागा. तिथे हा मिशीवाला माणूस मांडी घालून खरबुजाच्या बियांची कमळं करत बसायचा. कांद्याच्या टरफलांचे गुलाब करायचा. ज्वारीच्या धाटातला पांढरा गर काढून त्याची बैलगाडी करायचा, तीही अशी की चाकं फिरायची. बायका आधी पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हळूच जवळ सरकून विचारायच्या, "तात्या, ही पाकळी कशी वळवली हो?"

"चटणी वाटता येती न्हवं? मंग हेबी येईल. बसा हितं," असं म्हणून ते त्यांना कामाला लावायचे.

त्यांच्या मांडवात खोट म्हणाल तर एकच. तात्या बुटके. अगदी बेताचे. तोरण बांधताना माप घ्यायचे ते स्वतःच्या हातानं, टाचा उंच करून. त्यामुळे आमच्या गावच्या मांडवात उंच माणूस ताठ मानेनं शिरलाय असं कधी झालं नाही. नवरदेवांची बाशिंगं अडकायची, व्याह्यांचे फेटे पडायचे. कुणी तक्रार केली की तात्या म्हणायचे, "दुसऱ्याच्या दारात वाकून यावं मानसानं. काय झिजत न्हाई."

एकदा पाटलांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी प्रवेशाची कमान बाजरीच्या कणसांची आणि कोवळ्या उसाच्या वाढ्यांची, म्हणजे शेंड्यांच्या पाल्याची केली. कमान अशी झाली की माणसं थांबून बघत होती. वऱ्हाड आलं पंधरा बैलगाड्यांतून, आणि गाडीवानांनी बैल सोडून बांधले नेमके कमानीशेजारी. इकडे मंगलाष्टकं चालू, तिकडे कराकरा आवाज. शेवटच्या 'सावधान'पर्यंत कमानीचे नुसते दोन बांबू उरले होते. पाटील संतापानं लालबुंद. तात्यांनी मात्र बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "ओरडताय कशाला? खाल्ली म्हंजे पसंत पडली!"

मंगलाष्टकांच्या वेळी त्यांची जागाही ठरलेली होती. मुहूर्तमेढीला एक हात लावून उभे राहायचे, शेवटची अक्षता पडेपर्यंत. "वाऱ्यानं मांडव उडंल," म्हणायचे. वारा नसला तरी.

आता एवढी गावभरची झाडं ओरबाडणाऱ्या माणसाच्या दारात एक आंबा होता, आणि त्याच्या पानाला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आंबे न्या, टोपलीभर न्या. कैऱ्या पाडा. पण पान तोडलंत तर खबरदार! स्वतः मांडवाला डहाळे हवे असले तर मळ्यात जाऊन दुसऱ्याच्या झाडाचे आणायचे. लोक म्हणायचे, तात्याचं एक चाक निखळलंय.

मला कारण माहीत होतं. तो आंबा त्यांनी कमळीसाठी लावला होता. कमळी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी मैत्रीण. तिची आई ती सात वर्षांची असताना वारली. तात्यांनी दुसरं लग्न केलं नाही. वेणीफणी, भाकरी, शाळा, सगळं स्वतः केलं. मी आणि कमळी त्या झाडाखाली भातुकली मांडायचो, तेव्हा पाटावरून येता-येता ते सांगायचे, "हे समदं झाड कमळीच्या मांडवाला. एक पान शिल्लक ठेवनार न्हाई. त्या दिशी झाड बोडकं दिसलं पायजे."

कमळी पुण्याला नर्सिंग शिकायला गेली. तिथल्याच एका मुलाशी, दुसऱ्या जातीतल्या, कोर्टात लग्न करून मोकळी झाली. तसं तिनं पत्रानं कळवलं. निळं अंतर्देशीय पत्र. तात्यांना मोठ्या अक्षरापलीकडे वाचता येत नसे, म्हणून ते मला वाचावं लागलं, त्यांच्याच ओट्यावर बसून. 'दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि लग्न लागलं. तात्या, रागावू नका,' इथवर वाचून मी पत्राची घडी घातली.

तात्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मांडव?"

मी म्हटलं, "कोर्टात मांडव नसतो, तात्या."

त्यांनी पत्र घेतलं आणि आत गेले. आत चूल धगधगत होती. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पहिली पत्रिका जाळली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, पत्राचीही हीच गत झाली असणार. त्यानंतर त्यांच्यापुढे कमळीचं नाव काढायची सोय राहिली नाही. तिनं आणखी पत्रं टाकली नाहीत, यांनी विचारलं नाही. दोघंही एका मातीची, हट्टाला पेटलेली.

माझं लग्न ठरलं ते दुष्काळात. पाट कोरडा ठणठणीत, पाटकऱ्याला काम नाही. गावातल्या झाडांचा पाला शेळ्यांनी आणि माणसांनी मिळून संपवला होता. हिरवं म्हणून एकच झाड उरलं होतं, तात्यांचा आंबा. ते अंघोळीला झाडाच्या बुंध्याशीच बसायचे. आई म्हणायची, "तात्या आंब्याला अंघोळ घालतात, उरलंसुरलं स्वतःच्या अंगावर."

त्याच वेळी मी एक उद्योग केला. कुणाला न विचारता कमळीला पोस्टकार्ड टाकलं. 'तू आणि तुझे यजमान, दोघांनी लग्नाला यायचंच. तात्यांचं मी बघते.' काय बघणार होते, डोंबल! पत्र पेटीत टाकलं आणि मग विचार सुचायला लागले. तात्या चिडले आणि मांडव टाकून निघून गेले तर? किंवा कमळीला सगळ्यांदेखत हाकलून दिलं तर? ती पुन्हा या गावाचं तोंड बघणार नाही, आणि त्याला कारण मी.

तात्या मात्र झपाटल्यासारखे माझ्या मांडवाला लागले होते. पाला नव्हता, तर माळावर जाऊन तरवड आणला. पिवळ्याधमक फुलांचा. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, हा पाटलांच्या कमानीनं शिकवलेला धडा. बाभळीच्या शेंगांच्या झालरी केल्या. रुखवतात यंदा बैलगाडीबरोबर पाटही केला, गराचाच, छोट्या दारांसकट. "खऱ्यात पानी न्हाई तर न्हाई. शालनच्या पाटाला तरी असूं दे," असं माझ्याकडे बघून म्हणत त्यात निळीचं पाणी ओतलं.

दाराच्या तोरणाला तेवढी आंब्याची पानं हवी होती. आईनं धीर करून विचारलं, "पाचच द्या, तात्या. शकुनापुरती."

तात्यांनी हातातलं काम थांबवलं. "वयनी, जीव मागा. पान मागू नका."

आई घरात येऊन माझ्या वडिलांना, दादांना, म्हणाली, "दुसऱ्याच्या दाराला तोरण घालतात, पण घरचं पान सुटत नाही. धन्य आहे!"

लग्नाच्या सकाळी नगरहून वऱ्हाड आलं. माझ्या सासऱ्यांनी बरोबर रंगीत कागदी पताकांचा हा एवढा गठ्ठा आणला होता. खेड्यात मिळतील न मिळतील म्हणून. तात्या शिडीवरूनच म्हणाले, "ठिवा चुलीपाशी. कामाला येतील."

दादांचा चेहरा पांढराफटक. सासरे काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहीणबाई रुखवतापुढे खाली बसल्या त्या उठेचनात. गराची बैलगाडी तळहातावर घेऊन म्हणाल्या, "आमचे बाबा करायचे रे अशी. तू लहान होतास, तुला आठवायचं नाही." पताकांचा गठ्ठा बांधलेला होता तसाच राहिला.

आणि दहाच्या एस.टी.नं कमळी आली.

मी मुंडावळ्या बांधून खिडकीपाशी बसले होते, मला सगळं दिसत होतं. कमळी अंग चोरून मांडवात शिरली. तिच्या मागून तिचा नवरा, ताडासारखा उंच. त्याचं डोकं फाडकन तोरणावर आपटलं, तरवडाची फुलं भुरभुर खाली पडली. शिडीवरच्या तात्यांनी वळून बघितलं. लेकीकडे बघितलं, मग त्या माणसाकडे, डोक्यापासून पायापर्यंत. शिडी उतरले, खांद्यावर टाकली आणि मांडवाबाहेर चालते झाले.

मंगलाष्टकं सुरू झाली. लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून नवरी रडतेय. मी अंतरपाटाच्या कडेनं मुहूर्तमेढीकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. तात्यांशिवाय लागलेलं आमच्या गावातलं ते पहिलं लग्न. वारा होता, तरी मांडव उडाला नाही.

जेवणं उरकल्यावर कमळी माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. "चारची गाडी आहे, शाले. निघतो आम्ही. त्यांना बघितलं, तेवढं पुरे झालं."

"पुरे कसं? मी पण येते. माझ्या लग्नात मला टाकून गेले, मला जाब विचारायचाय."

आई मागून ओरडत होती, "अगं, नवरीनं असं हिंडू नये!" मी शालू आवरत पुढे, मागे ती दोघं. शेजारचं तर घर. कुडाला वळसा घातला आणि तिघंही थबकलो.

आंबा बोडका झाला होता. शेंड्यापर्यंत. एक पान म्हणून शिल्लक नव्हतं. आणि त्याच्या पुढ्यात, अंगणात, मांडव उभा होता. चारच खांब, पण वर, खाली, चहूबाजूंनी नुसती हिरवीगार पानं. त्या वर्षी एवढं हिरवं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मध्ये दोन पाट मांडलेले. तात्या घामाघूम होऊन शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे, तोरणाची शेवटची गाठ मारत होते.

"जेवलात का?" त्यांनी खाली न बघता विचारलं.

कमळी बोडक्या आंब्याकडे बघत होती. तिचा नवरा "हो" म्हणाला आणि सकाळचा मार आठवून मान खाली घालून आत येऊ लागला.

"वाकू नका, पाव्हनं," तात्या म्हणाले. "तुमच्या उंचीनं लावलंय."

तो सरळ उभा राहिला. तोरण त्याच्या डोक्याच्या चांगलं वीतभर वर होतं.

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "तात्या, मग भटजींना बोलावू?"

"भटजी कशाला? लगीन झालंय की कोडतात. मांडव तेवढा ऱ्हायला हुता." मग पहिल्यांदा लेकीकडे बघून म्हणाले, "जातीबितीचं जाऊं दे, कमळे. पर चार डहाळं तरी लावू द्यायची हुतीस."

कमळीनं त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तात्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहिले, "उगी. उगी. पानं सुकत्याल. बसा पाटावर."

दोघं बसली. मी माझ्या ओटीतल्या अक्षता काढून त्यांच्यावर टाकल्या. तात्या खांबाला एक हात लावून उभे होते.

नंतर कमळी देवापुढे दिवा लावायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावले. देवाच्या कोनाड्यात, हळदकुंकवाच्या करंड्याखाली, ते निळं पत्र होतं. घड्यांवर विरलेलं, बोटांच्या डागांनी काळवंडलेलं. ते हातात घेऊन ती उभी होती.

"तात्या, तुम्ही पत्रिका जाळता म्हणे सगळ्यांच्या," ती रडत-हसत म्हणाली. "मग हे कसं राहिलं?"

तात्या दारात उभे होते. धोतराच्या सोग्यानं त्यांनी मान पुसली.

"ते कुठं आवतन हुतं, पोरी?" ते म्हणाले. "ते तुझं अक्षर हुतं."