रजेवरील इसमाची गैरहजेरी

मूल जन्माला येताना व्यवस्थापनाची पूर्वपरवानगी घेत नाही, हा सृष्टीतला एक गंभीर दोष आहे. तो दूर करण्याचे काम बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीने हाती घेतले आणि नवजात मुलांच्या वडिलांसाठी पगारी पालक रजा जाहीर केली. धोरण सढळ होते. उणीव एवढीच, की रजा घ्यायला कोणी बाप पुढे येत नव्हता.

ती उणीव डिझाइन विभागातल्या आशयने भरून काढली. त्याला मुलगी झाली आणि तिचे डावे पाऊल आत वळलेले निघाले. डॉक्टरांनी धीर दिला. दर बुधवारी प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करत आणायचे. फक्त बुधवार चुकवायचा नाही. मूल रडते, तेव्हा एकाने पाय धरायचा, दुसऱ्याने तोंडात बाटली. थोडक्यात, माणसे दोन लागतात.

मनुष्यबळ विभागाचे प्रमुख जयसिंगराव मनाने मोठे. स्वतःच्या दोन्ही मुलांच्या जन्मावेळी ते कामावर होते (एकदा तपासणी होती, एकदा वार्षिक स्नेहसंमेलन), आणि ही गोष्ट ते मुलांदेखत अभिमानाने सांगत. त्यांनी आशयची रजा उभ्या उभ्या मंजूर केली आणि फोटोग्राफर कधी पाठवू, असे विचारले.

फोटो बुधवारी ठरला. आशयची मुलगी त्या वेळी दवाखान्यात असल्यामुळे खरेदी विभागातल्या एका गृहस्थांचे गुटगुटीत मूल आणण्यात आले. आशयने ते छातीशी धरले. चित्र इतके हृद्य आले, की कंपनीच्या दारावर लावले गेले. (कंपनीच्या पाहणीत शंभर टक्के वडिलांनी धोरण उत्तम असल्याचे सांगितले. पाहणी एकाच वडिलांची झाली.)

पुढच्या बुधवारी नव्या कर्मचाऱ्यांसमोर ‘मुलांसाठी वेळ’ या विषयावर आशयचे व्याख्यान होते. त्यापुढच्या बुधवारी तेच उद्योजकांच्या मंडळात. रजेवरचा माणूस मोकळाच असतो, हे जयसिंगरावांचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. शिवाय कंपनी हेच कुटुंब, असे धोरणाच्या पहिल्याच ओळीत असल्याने कौटुंबिक रजेवरच्या माणसाने कंपनीत दिसणे ओघानेच आले. आणि खरे सांगायचे तर टाळ्यांचा आवाज आशयला आवडू लागला होता.

त्याची बायको मांजलपूरहून रिक्षाने मुलीला नेत होती. पाय धरायला ती बाकावरच्या कुणा अनोळखी बाईला विनंती करी. ती एका खाजगी शाळेत शिकवायची. शाळेचे धोरण कंपनीहूनही उदार निघाले. तिला बाळंतपणासाठी कायमचीच रजा देण्यात आली.

त्या महिन्यात, पाय नीट धरला न गेल्याने, प्लास्टर सैल होऊन घसरले. पाऊल पुन्हा आत वळले.

आशय व्याख्यानाला मिळालेला गुच्छ घेऊन घरी आला, तेव्हा बायको दुपट्यांच्या घड्या घालत होती.

“पहिल्यापासून करायचं म्हणालेत,” ती म्हणाली. “बुधवारी येणार आहेस का, तेवढं सांग. नसशील तर शेजारच्या नयनाबेनना विचारते.”

त्याने गुच्छ कुठे ठेवावा हे न सुचून तो बराच वेळ हातातच धरला.

बुधवारी अलकापुरीतल्या हॉटेलात कंपनीला ‘पालकस्नेही उद्योग’ हा पुरस्कार मिळणार होता. सकाळी जयसिंगरावांचा फोन आला.

“साहेब, मी रजेवर आहे,” आशय म्हणाला.

“अरे, म्हणून तर बोलावतोय.”

आशयने फोन बंद केला आणि मुलीला उचलले.

दवाखान्यात बाप आल्याची वार्ता पसरली. सिस्टरने खुर्ची दिली. एक बाई आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “केटला सारा पप्पा छे!” म्हणजे, किती चांगले वडील! डॉक्टरांनी पाठ थोपटली. आशयने बाटली धरली; दूध बरेचसे मुलीच्या कानात गेले. पाय बायकोने धरला होता. प्लास्टर उतरल्यावर ते सुरकुतलेले, बोटभर पाऊल त्याने जवळून पाहिले, आणि व्याख्यानात आपण नेमके काय बोलत होतो ते त्याला आठवेना.

पुरस्कार जयसिंगरावांनी स्वीकारला. आशयकडे खुलासा मागण्यात आला, की पालक रजेवर असताना तो पूर्वसूचनेशिवाय गैरहजर का राहिला. खुलासा असमाधानकारक ठरून उरलेली रजा बिनपगारी झाली. त्याने ती घेतली. दिवाळीपर्यंत पाऊल सरळ झाले.

सोसायटीने शाल देऊन आशयचा सत्कार केला. असा बाप होणे नाही, असे ठरावात म्हटले. वाचकांनाही एव्हाना त्याच्याविषयी आदर वाटू लागला असेल, आणि तो रास्तच आहे. एकही बुधवार न चुकवणाऱ्या त्याच्या बायकोचे नाव मात्र या कथेत आलेले नाही. त्यावाचून वाचताना कुणाचे काही अडले, अशी तक्रार अद्याप आलेली नाही.