तिरोडकर फोन उलटतात

आमच्या वरच्या मजल्यावरचे तिरोडकर मोबाईलवर गाणी ऐकतात आणि अल्बम निम्मा झाला की उठून मोबाईल उलटा करतात. पडद्याची बाजू खाली, पाठ वर. मग घोटभर पाणी पितात, पंच्याने मान पुसतात, पुन्हा खुर्चीत ताठ बसतात आणि पुढची गाणी सुरू होतात. फोन उलटल्याने गाण्यात काही फरक पडत नाही, हे त्यांना आपण सांगायची गरज नाही. त्यांचं म्हणणं, फरक ऐकणाऱ्यात पडतो.

"मधल्या सुट्टीशिवाय शाळा असते काय?" ते विचारतात. "दहा गाणी माणसाने एका दमात ऐकायची म्हणजे काय, औषध आहे?"

घाटकोपर स्टेशनजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात त्यांचं सगळं आयुष्य काउंटरमागे गेलं. आधी कॅसेट, मग सीडी, मग दोन्ही धूळ खात पडलेल्या. आता त्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकान बंद झालं, पण तिरोडकरांची ड्यूटी सुटली नाही. हल्ली नवे अल्बम शुक्रवारी येतात. शुक्रवारी सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते ऐकायला बसतात. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. तिला शुक्रवार कळतो तो त्यांच्या खिडकीतून.

आणि काहीही ऐकतात. पंजाबी, कोरियन, भजनं, कोळीगीतांना ढोल लावलेले प्रकार, इंग्लिश किंकाळ्या. त्यांनी कशालाही वाईट म्हटल्याचं मला आठवत नाही. सात कोरियन मुलींचा अल्बम ऐकून म्हणाले, "शिस्त बघ त्यांची. एकीच्या ओळीत दुसरी घुसत नाही. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला लावायला पाहिजे." एका गायकाचं नुसतं ओरडणं ऐकून मी कान झाकले, तर माझा हात धरून म्हणाले, "तो का ओरडतोय ते आठव्या गाण्यात कळतं. तोवर धीर धर."

दुकानात असताना गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ते कॅसेट काढून द्यायचे म्हणे. ती सवयही राहिली. बिल्डिंगमध्ये कोणाला काय हवंय हे ओळखून ते अल्बम धाडतात. माझी आई तीन महिने आमच्याकडे राहायला होती तेव्हा तिरोडकरांनी सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, तोच किंकाळ्यांचा अल्बम पाठवला. तिने कानात घालून पोळ्या लाटता लाटता तो सगळा ऐकला आणि म्हणाली, "विनू, खरंच आठव्या गाण्यात कळतं रे."

सुषमा ऐकते. मी ऐकत नाही. इथून पुढे लिहिताना माझी मान खाली आहे, हे लक्षात घ्या.

अल्बम पाठवला की तीन-चार दिवसांनी जिन्यात तिरोडकर गाठणार आणि विचारणार, "काय रे विनू, आयकलंस?" मूळ गाव मालवणकडचं. काळजातलं काही विचारायचं असलं की ते मालवणीवर येतात. आता त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी एक वाक्य तयार केलं होतं. "सुरुवात छान आहे काका, मध्ये जरा रेंगाळतं, पण शेवट पकडतो." हे वाक्य जगातल्या कुठल्याही अल्बमला चालतं. मुलीच्या गॅदरिंगला चालतं, ऑफिसातल्या साहेबाच्या भाषणाला चालतं. तिरोडकर खूश व्हायचे. "बरोबर. मध्ये रेंगाळतंच," असं म्हणून ते मला कुठल्या गाण्यापासून रेंगाळतं ते सांगायचे, मी मान हलवायचो, आणि दहा मिनिटांनी आम्ही आपापल्या मजल्यावर जायचो. अशी चारेक वर्षं गेली. सुषमा म्हणायची, लाज नाही वाटत? मी म्हणायचो, म्हाताऱ्या माणसाला आनंद देतोय.

तिरोडकर एकटे राहतात. काकी सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा आहे, त्याला सगळी बिल्डिंग बाब्या म्हणते. तो गोरेगावला कुठल्याशा स्टुडिओत आवाजाचं काम करतो आणि इकडे येत नाही, एवढंच आम्हाला माहीत. का येत नाही, ते विचारायची सोय नव्हती. तिरोडकरांना काहीही विचारा, पण बाब्याचं नाव निघालं की ते पंचा झटकून घड्या घालायला लागायचे.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शुक्रवारी सकाळी साडेआठलाच आमची बेल वाजली. दारात तिरोडकर. इस्त्रीचा शर्ट, पण वरचं बटण खालच्या काजात. शुक्रवारी सकाळी हा माणूस खुर्चीतून उठून खाली येतो, यावरूनच मला काही कळायला हवं होतं. मी ऑफिसच्या घाईत होतो. एक पाय मोज्यात होता.

"एक अल्बम पाठवलाय तुला," ते म्हणाले. "मराठी रॅप आहे. पहिली बाजू मी ऐकली. दुसरी तू ऐक. आणि मला सांग, ऐकण्यासारखी आहे काय."

ज्या माणसाने आयुष्यात अल्बम अर्धा टाकला नाही तो मला म्हणतो, दुसरी बाजू तू ऐक. मी म्हटलं, हो काका, नक्की, आणि दुसरा मोजा शोधायला लागलो.

ऐकला अर्थातच नाही. गायकाचं नाव काहीतरी भलतंच, रॅपवाले ठेवतात तसलं. वर चित्र होतं, तेही मी नीट पाहिलं नाही. मंगळवारी जिन्यात गाठ पडली. तिरोडकर दुधाची पिशवी घेऊन कठड्याला टेकून उभे होते. नंतर सुषमाने हिशेब लावला तेव्हा कळलं की ते तिथे माझीच वाट बघत होते. त्यांचं दूध सकाळी सहाला येतं.

तर त्या दिवशी मी नेहमीचं वाक्य सोडलं. मला वाटलं, म्हातारा थकलाय, त्याचा वेळ वाचवू. चांगुलपणा सुचला की माझ्या हातून असलं काहीतरी होतं. मी म्हटलं, "दुसरी बाजू नाही ऐकलीत तरी चालेल, काका. नेहमीचंच आहे. चिडचिड, आरडाओरडा."

ते पिशवीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो अजून रागावलेलो आसा?"

मला वाटलं, गायकाबद्दल विचारतायत. एकूण रॅपवाल्यांबद्दल माझं जे ज्ञान, त्याच्या भरवशावर मी ठोकून दिलं, "हो, चांगलाच."

"बरं," तिरोडकर म्हणाले आणि वर गेले. त्या दिवशी दहा मिनिटं लागली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी वरच्या खिडकीतून काही ऐकू आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तळमजल्यावरच्या गुजराती भाभींनी मला विचारलं, अंकलची तबियत ठीक आहे ना. मी म्हटलं, वय झालं. सुषमा डबा घेऊन वर जाऊन आली. म्हणाली, बरे आहेत, जेवतात, बोलत नाहीत. फोन टीव्हीवर ठेवलाय, विणलेल्या रुमालाखाली.

त्या रविवारी दुपारी ती पोळ्या करत होती. स्वतःच्या फोनचं चार्जिंग संपलं म्हणून माझा घेतला आणि तिरोडकरांनी पाठवलेला तो अल्बम लावला. पंधरा-वीस मिनिटं लाटण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"विनू, इकडे ये," ती म्हणाली. तिने एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. तिच्या बोटांचं पीठ माझ्या गालाला लागलं.

एक तरुण आवाज, बोलल्यासारखा. ओरडत नव्हता. सांगत होता की त्याचा पहिला कार्यक्रम होता, पहिल्या रांगेत बाबा होते, आणि त्याने लोकांना हसवायला बाबांच्या कॅसेटच्या दुकानाची टिंगल केली. लोक हसले. मध्यंतरात बाबा उठून गेले. मध्यंतरानंतर तो जे म्हणणार होता ते हे गाणं. त्या दिवसापासून ते कुठेच म्हटलं नाही, कारण ज्याला ऐकवायचं त्याची खुर्ची रिकामी होती. मग गाणं थांबलं आणि घरघर सुरू झाली, जुन्या टेपची. त्या घरघरीतून तिरोडकर बोलले. आमचेच तिरोडकर, पण तीस वर्षांपूर्वीचे, मागे दुकानातली वर्दळ. "थांब रे बाब्या, संपलं नाही. अजून एक बाजू आहे." आणि एक लहान मुलगा विचारतो, "मी उलटू?"

मी फोन हातात घेतला. वरच्या चित्रात आमचा जिना होता. आमचाच, तुटक्या कठड्याचा, लाल पत्रपेट्यांचा. मी त्याच जिन्यात उभा राहून त्यांना ते उत्तर दिलं होतं.

"तू त्यांना काय सांगितलंस?" सुषमाने विचारलं.

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला. बावीस वर्षांच्या संसारात पोळ्या अर्ध्यावर टाकून तिने गॅस बंद केलेला मी पाहिला नव्हता.

मी वर गेलो. एक मजला चढायला मला किती वेळ लागला, सांगत नाही. तिरोडकरांनी दार उघडलं, माझ्या गालावरचं पीठ बघितलं आणि आत घेतलं. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "काका, मी तो अल्बम ऐकलाच नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं." मला आणखी बोलावं लागलं. "आधीचेही ऐकले नव्हते. एकही नाही."

"माका ठाऊक होतां," ते म्हणाले.

मी खुर्ची धरली.

"इतकी वर्षं दुकानात काढली, विनू. कोण ऐकून बोलतोय आणि कोण कव्हर वाचून, तेवढं कळतं मला. तू तर कव्हरही वाचत नाहीस."

"मग मला विचारत कशाला होता?"

"जिन्यात दहा मिनिटं बोलत होतास ना."

जमिनीवरची फरशी बघत मी विचारलं, की मग ह्या वेळी तरी दुसऱ्या कोणाला सांगायचं होतं. सुषमाला सांगायचं. तिने ऐकला असता.

"तेच ना," तिरोडकर म्हणाले. त्यांनी पंचा उचलला आणि घड्या घालायला लागले. "पहिल्या बाजूला त्याच्या आईवरची गाणी आहेत. पाचवं गाणं संपताना तो म्हणतो, आता बाबांकडे येतो. तिथे माझा हात थांबला. कार्यक्रमाला मी अर्ध्यातून उठलो होतो. जन्मात तेवढं एकच अर्धं सोडलं. पुढे तो काय बोलला असेल ते मला ऐकवेना. सुषमाला सांगितलं असतं तर तिने ऐकून खरं ते सांगितलं असतं. म्हणून तुझ्याकडे आलो. म्हटलं, विनू ऐकणार नाही, म्हणजे मलाही ऐकावं लागणार नाही."

अख्ख्या बिल्डिंगमध्ये न ऐकण्यासाठी खात्रीचा माणूस म्हणून त्यांनी मला निवडलं होतं. मला आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी निवडलेलं नाही. ज्यासाठी निवडलं, ती ही.

मी टीव्हीवरचा रुमाल बाजूला केला आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, शेवटचं गाणं लावतो. त्यांनी माझा हात अडवला. दुसऱ्या बाजूपासून कोणी सुरू करतं काय? पहिल्यापासून.

ते आत जाऊन शर्ट बदलून आले. इस्त्रीचा. बटणं या वेळी नीट. आम्ही दोघं ताठ बसलो. काकींची गाणी झाली. एकात त्यांच्या सोलकढीचा उल्लेख होता, तिथे तिरोडकर नुसतं "हं" म्हणाले. पाचवं संपलं. आता बाबांकडे येतो, असं बाब्या म्हणाला आणि मी फोन थांबवला. तिरोडकर उठतील म्हणून वाट बघितली. ते उठले नाहीत. हात मांडीवर, नजर फोनवर. मग मीच उठलो. फोन उलटा केला, पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी घोट घेतला. मान हलवली.

दुसरी बाजू ऐकताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढं मला जमलं. टेपची घरघर सुरू झाली, तीस वर्षांपूर्वीचे तिरोडकर बोलले, मुलाने विचारलं, मी उलटू, आणि संपलं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती चारदा बंद पडली.

"विनू," त्यांनी विचारलं. "मध्ये रेंगाळलां काय?"

"नाही, काका."

त्यांनी फोन घेतला. एका बोटाने बराच वेळ बाब्याला काहीतरी लिहिलं. मी वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण शब्दच दोन होते. पुरो आयकलंय. खाली नाव नाही, काही नाही. पाठवून त्यांनी फोन टेबलावर ठेवला. आता काय करावं मला सुचेना. सवयीने म्हणा, कशाने म्हणा, मी हात पुढे केला आणि फोन उलटायला लागलो.

"रवांदे," तिरोडकर म्हणाले. "आता उलटू नको."

पडदा वर ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.