दम खाऊ दे घोड्याला

"लेक आली माहेराला, टेकंना उंबऱ्याला
जावयाला सांगा कुनी, दम खाऊ दे घोड्याला"

चिमणाबाईंनी ही ओवी जात्यावर म्हटली, ती लेक शालूबाईच्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला. दारात जावई हंबीरराव फटफटी चालू ठेवून उभे होते आणि शालूबाईच्या बशीतला चहा अजून वाफाळत होता. ओवी होती जावयासाठीच, पण फटफटीच्या आवाजात ती जावयाला ऐकूच गेली नाही. लेकीला मात्र गेली. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. जातं अडगळीत गेलं. तरी सासरी, कसबा बावड्याच्या घरात भाकरी थापताना शालूबाईला तो आवाज अजून ऐकू यायचा.

हंबीरराव माणूस वाईट नव्हते, घाईचे होते. म्हैस पान्हवायच्या आत ते चरवी घेऊन बसत. जोतिबाच्या पायथ्याला सासुरवाडी, पण तिथं ते कधी टेकले नाहीत. "चहा झाला? चल." एवढंच बोलणं. शालूबाईचं माहेर असं बशीएवढं होऊन बसलं होतं.

चौऱ्याऐंशी साली उसाचं बिल बरं आलं आणि हंबीररावांनी गाडी घेतली. जुनी, जर्मन, मुंबईच्या एका बोटीवरच्या साहेबानं विकलेली. पहिल्याच दिवशी ती सासुरवाडीच्या दारात उभी राहिली, तेव्हा मेहुणा सयाजी तिच्याभोवती फिरून आला.

"दाजी, कार्बोरेटर कुठं हाय हिचा?"

"हिला कार्बोरेटर नसतोय. पेट्रोल इंजेक्शननं जातंय."

"म्हंजे आजारीच घेतली म्हना की."

हंबीररावांनी बशी खाली ठेवली. "चल," म्हणाले. शालूबाई मागच्या सीटवर बसली. हंबीररावांनी किल्ली फिरवली. गाडी चर्र चर्र करत राहिली, पण उठली नाही. पुन्हा किल्ली. पुन्हा चर्र चर्र. सयाजीच्या चेहऱ्यावर जत्रा भरली.

"बैलं सोडू का, दाजी?"

"हात लावायचा न्हाय कुनी. माझी गाडी हाय, मी बघतो."

ते बॉनेट उघडून आत डोळे वटारून उभे राहिले. तोवर शालूबाई उतरून आत गेली, भाकरी टाकली गेली, वांगं शिजलं, मायलेकींचं पोटभर बोलणं झालं. मग हंबीररावांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका फटक्यात चालू झाली. आपल्या नजरेचा हा धाक, असं त्यांना मनापासून वाटलं.

पण तसं पुढं होतच राहिलं. सकाळी अंगणातून गाडी हरणासारखी उठायची. शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडं एक कप चहा घेऊन बाहेर आलं, की बंद. व्याह्यांकडं चहा घेतला, बंद. बारशाला पंगत उठेपर्यंत बसले, तर चालू. आता कोल्हापुरात दारात आलेल्याला चहाशिवाय कोण सोडतो? सयाजीनं सगळ्या भावकीत निकाल जाहीर केला, "दाजींची गाडी चहावर भागवून घेत न्हाय. ती जेवनाची हाय." झालं. पुढं कुठल्याही नातेवाइकाकडं ती लांबूनच दिसली, की बायका तवा चढवू लागल्या.

हंबीरराव पेटले. शाहूपुरीतल्या बाळासो मिस्त्रीकडं त्यांनी गाडी तापलेलीच नेऊन उभी केली.

"आत्ता बघ. आत्ता ही सुरू हुनार न्हाय."

"बघू की. आधी चहा घ्या."

चहा आला. चहावरून विषय तालमीचा निघाला, तालमीवरून खासबागेतल्या एका जुन्या कुस्तीचा, आणि ती कुस्ती दोघांना वेगवेगळी आठवत असल्यामुळं ती लवकर सुटेना. सुटली तेव्हा बाळासोनं किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू.

"काय झालंय हिला?"

"मगाशी गरम हुती रं."

"मग गरम असताना आनायची."

"गरमच आनलेली. तू चहा पाजलास."

असं चार वेळा झालं. बाळासोनं प्लग बदलले, बॅटरी बदलली, फिल्टर धुतला. शेवटी तो म्हणाला, "अन्ना, तापलेली असताना बंद केली की चालू हुत न्हाय ना? मग बंदच करू नका."

हंबीररावांना हे एकदम पटलं. आपल्याला आधीच कसं सुचलं नाही, याचाच त्यांना राग आला.

शालूबाईला मात्र ते नको होतं. ह्या गाडीनं तिला काय दिलं होतं, ते तिचं तिलाच माहीत. आईच्या गुडघ्याला तेल चोळायला मिळालं होतं. परसातल्या शेवग्याला तिनं हात लावला होता. आईला आता कमी दिसायचं. लेक आली की ती आधी तिचा चेहरा हातानं चाचपायची, आणि तेवढ्यालाही वेळ लागतो.

माघातल्या एका दुपारी गाडी पुन्हा माहेरच्या दारात आली. हंबीरराव उतरलेच नाहीत. इंजिन धडधडत होतं, एक हात हॉर्नवर होता, आणि चहा त्यांनी खिडकीतून घेतला.

"कारखान्यावर मीटिंग हाय. आटप. पेट्रोल जळायलंय."

"पावणं, चहा तरी निवू दे की तिचा," चिमणाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. आवाज थकला होता, पण तोच होता.

हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

शालूबाईनं बशी खाली ठेवली, पदर खोचला आणि ती बाहेर आली. खिडकीतून हात घालून तिनं किल्ली फिरवली, काढली, कनवटीला लावली. इंजिन थांबलं. डोंगरावरचा वारा ऐकू येऊ लागला.

"अगं, बंद केलीस?"

"केली."

"आता ही सुरू व्हायची न्हाय."

"नसंना."

ती आत जाऊन आईजवळ बसली. सयाजी खांबाला टेकला. "दाजी, भाकरी टाकायला सांगू?"

"मी जेवनार न्हाय. चालत जाईन कारखान्यावर, पर ह्या गाडीम्होरं वाकनार न्हाय." आणि ते खरंच चालू लागले. भर उन्हात, नवं पायताण करकरवत. वळणापर्यंत गेले, थांबले, मागं बघितलं. पुन्हा चालू लागले, पण जरा हळू.

आत शालूबाईनं चहा संपवला, निवलेला, तळापर्यंत. मग ती उठून गाडीत हंबीररावांच्या जागी बसली. किल्ली अर्धी फिरवली आणि थांबली. मागच्या सीटखालून भुंगा गुणगुणावा तसा बारीक आवाज आला आणि विरला. तिनं किल्ली मागं घेतली, पुन्हा अर्धी फिरवली. पुन्हा भुंगा. असं तीनदा. मग पूर्ण.

तापलेली गाडी पहिल्या हाकेला उठली.

वळणावरून हंबीरराव पळत आले. "काय केलंस?"

"अर्ध्यावर थांबले. मागं कायतरी गुनगुनतंय, त्येला पेट्रोल वडू दिलं. तुमची किल्ली कवा अर्ध्यावर थांबतीच न्हाय."

सयाजीच्या चेहऱ्यावरची जत्रा उठली. हंबीररावांनी वाकून मागच्या सीटखाली बघितलं.

"कवापास्नं ठावं तुला?"

"दिवाळीपास्नं. तुमी अडत्याकडं गेलतासा, मी गाडीत बसून किल्ली फिरवून बघितली."

"आन् बोलली न्हाईस? गावभर हसं झालं की माझं. बाळासोनं बॅटरी बदलली, अगं."

शालूबाईनं किल्ली फिरवून गाडी पुन्हा बंद केली. उंबऱ्यात चिमणाबाई कान देऊन उभ्या होत्या.

"बोलले असते, तर तुमी चहा निवायच्या आत निघाला असतासा," शालूबाई म्हणाली. "मला आईजवळ बसायचं हुतं. लगीन झाल्यापास्नं बसायचं हुतं."