संडासाचं सोनेरी झाकण

मर्व पेंगिलीच्या गाडीने भररस्त्यात कधी मान टाकली नव्हती, आणि हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मर्वने क्लेअर गावात शिल्लक ठेवला नव्हता. जुन्या गाड्यांच्या क्लबचा तो अध्यक्ष. वार्षिक सहलीत ज्याची गाडी बंद पडेल त्याला संडासाचं सोनेरी रंग दिलेलं झाकण द्यायचं आणि त्याने ते वर्षभर व्हरांड्यात, रस्त्यावरून दिसेल असं टांगायचं, ही प्रथा त्याच्याच सुपीक डोक्यातून निघालेली. वर तो भाषणही ठोकायचा. शेजारच्या केल ट्रेझाइसकडे ते झाकण इतकी वर्षं लटकलं होतं, की पोस्टमन त्याच्या घराचा नंबरसुद्धा बघेनासा झाला होता.

या वर्षी सहलीआधी मर्वच्या मनाने घेतलं, की आपल्या जुन्या होल्डन गाडीच्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या आतून साफ करायच्या.

"चालतेय ना गाडी?" त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "मग कशाला छळतोस तिला?"

"सत्तर वर्षांचा गाळ असतो गं आत. तुला नाही कळायचं."

त्याने नळ्या काढल्या, स्पिरिटने धुतल्या, हवा मारली, पुसून लखलखीत केल्या. लगेच बसवल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. पण मग त्या बघणार कोण? मर्वने त्या शेडच्या भिंतीवर ओळीने टांगल्या आणि क्लबातल्या एकेकाला चहाला बोलावून दाखवायला सुरुवात केली. केलही आला.

"तोंडं उघडीच ठेवलीस?" केल म्हणाला. "चिकटपट्टी तरी लाव. कुंभारीण माश्यांचे दिवस आहेत बाबा, दिसेल त्या भोकात मातीचं घर करतात."

"ज्याच्या व्हरांड्यात झाकण, त्याने मला शिकवू नये," मर्व म्हणाला.

सहलीच्या आदल्या दिवशी नळ्या परत गाडीत गेल्या. ब्रेकमधली हवा काढायला आत बसून पॅडल दाबणारं कुणीतरी लागतं. ते काम अर्थातच ग्लेनिसकडे आलं.

"दाब! धर! अगं, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही!"

"कुठे सोडलं?"

मागच्या डाव्या चाकाला तेल काही येईना. मर्वने आधी तेलाला नावं ठेवली, मग ग्लेनिसच्या पायाला.

"याच पायाने इतकी वर्षं तुझ्या घरात राबतेय. तेव्हा नाही खोट दिसली?"

शेवटी त्याने नळी सोडवली. तिच्या तोंडाशी मातीची सुबक गोळी बसवलेली होती. मर्वचा चेहरा उतरला.

"केलला सांगितलंस तर बघ!"

"नाही सांगत. पण पेट्रोलची नळीपण काढून बघ. ती तर केवढी रुंद आहे."

"पेट्रोलच्या वासाला माशी फिरकत नाही, ग्लेनिस. शास्त्र आहे ते."

तो वास आपणच स्पिरिटने धुऊन टाकलाय, हे काही त्याच्या शास्त्रात बसलं नाही. त्याने फक्त ब्रेकच्या नळ्या तपासल्या. गाडी सुरू झाली, अंगणात झकास गुरगुरली, आणि मर्व न्हाणीघरात जाऊन भाषण घोकू लागला. आठवडाभर तेच चाललं होतं. "मित्रहो, गाडी मालकाचा स्वभाव सांगते! आपल्या केलचंच बघा. वरून रंगरंगोटी, आत माती!"

सहलीच्या दिवशी मिंटारो गावाच्या वाटेवरच्या पहिल्याच चढाला होल्डन खोकली, दोन गचके देऊन थांबली. मागून खडखडत केलची गाडी आली.

"पेट्रोलात पाणी असणार," मर्व घाईघाईने म्हणाला.

केल पाना घेऊन गाडीखाली शिरला. त्याने टाकीजवळ नळी सोडवून तारेने उकरली. आधी माती पडली, मग एक कोळी, मग आणखी एक. कुंभारणीने पिलांसाठी कोठारच भरून ठेवलं होतं.

"अध्यक्ष महाराज," केल गाडीखालूनच ओरडला, "तुमच्या गाळाला पाय फुटलेत!"

उरलेली माती काही केल्या निघेना. मग दोर बांधला गेला, आणि मर्व पेंगिली केलच्या गाडीमागून वरातीसारखा मिंटारोत दाखल झाला. ब्रेक मात्र उत्तम लागत होते. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून त्याने ते ग्लेनिसलाच दोनदा सांगितलं.

हिरवळीवर सॉसेज भाजली जात होती. मर्व उठला. "मला वाटतं, या प्रथेचा आता फेरविचार..."

"झाकण आणा!" मंडळी ओरडली.

"पण भाषण कोण करणार?" केल म्हणाला. "दर वर्षी हाच करतो."

ग्लेनिसने हातातली बशी खाली ठेवली. "मी करते. पाठ आहे मला."

आणि तिने ते केलं. मर्वच्या खाकरण्यासकट, मुठी आपटण्यासकट, नाव तेवढं बदलून. "आपल्या मर्वचंच बघा. वरून रंगरंगोटी, आत माती!" इथे म्हातारे क्लबवाले खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. मर्व खाली मान घालून सॉसेजवर सॉस ओतत राहिला. सॉसेज केव्हाच दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यात शिडीवर चढला. "वेलीमागे टांगतो, ग्लेनिस. सावलीत रंग टिकेल."

"रस्त्यावरून दिसलं पाहिजे. नियम तुझाच आहे." ग्लेनिस खाली खुर्ची टाकून, पॅडल दाबून दुखावलेला पाय स्टुलावर ठेवून बसली. "आणखी वर. डावीकडे. हां, धर तसंच."

"हात भरून आला गं!"

पलीकडून केल कुंपणाशी येऊन उभा राहिला. ग्लेनिसने त्याला हात केला आणि चहाचा सावकाश घोट घेतला.

"सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, मर्व."