रिठदची मज्जारोथ

ते साल १९१२. मार्गशीर्षाच्या अंधाऱ्या पाखातली संध्याकाळ. रिठदच्या रामरावांच्या ओट्यावर पाद्रीबाबा आपली पोथी वाचून दाखवत होते. तीत देव इयोब नावाच्या भक्ताला विचारतो, ‘मज्जारोथ तिच्या वेळी तुला बाहेर काढता येते काय?’

“मज्जारोथ म्हंजे काय जी?” रामरावांनी विचारलं.

“जुना इब्री शब्द. कोणी म्हणतात बारा राशी, कोणी म्हणतात एखादा तारकापुंज. नक्की कुणालाच ठाऊक नाही.”

“वेळेवर निघते ना? मंग त्या कृत्तिकाच!”

“हट्, ते चार चांदण्यांची बाज असंन,” शेजारी म्हणाला. वाद पेटला. आभाळ नीट दिसावं म्हणून रामरावांनी सगळ्या आळीतले दिवे विझवले.

खरं तर केनवडचे शालिग्राम दुपारीच मुलाला, जानरावाला, घेऊन रामरावांच्या पंचफुलेला पाहायला यायचे होते. ते आले नाहीत. लेकीच्या तोंडावर देवीचे वण, दोन स्थळं आधीच मोडलेली. हेही गेलं, असं रामरावांनी धरलं होतं.

पण शालिग्रामांच्या गाडीचं वाटेत नुसतं चाक निखळलं होतं. ते वेशीशी पोचले तर दिवेलागण होऊन गेली तरी आळीत एक पणती नाही!

“गमी झाली वाटते कोनाची. जान्या, फिरवतो बैलं.”

घुंगरं ऐकून रामराव अनवाणी धावले. “पाव्हणे, थांबा! कोनी मेलं नाही! आमी मज्जारोथ पाहून राह्यलो!”

“ते कोन व्हय?”

“वर पाहा.”

शेतातल्या जागलीत वेळ कळण्यापुरतंच आभाळ पाहिलेले शालिग्राम वर पाहतच राहिले. हातातला कासरा कधी गळला, त्यांना कळलं नाही.

पंचफुला पाण्याचा तांब्या घेऊन आली. जानरावाने हळूच विचारलं, “कुठी हाये?”

ती लाजायचं विसरली. “त्या निंबावर पाहा. सहा जणी चिकटून बसल्या. अन् मांगून तिघं जन रांगेनं येऊन राह्यले, नवरी पाहाले आल्यावानी. दिसले?”

“दिसले. लई झाक!”

“दिवा लावा, पोरीचं तोंड पाहू,” शालिग्राम भानावर आले.

“कायले, बाबा? मले पसंत हाये.”

रामरावांनी दिवा लावायची मुळीच घाई केली नाही. साखर अंधारातच वाटली.

लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी जानराव रांजणावर आपटला आणि पंचफुलेला कळलं, नवरा रातांधळा आहे. त्याला तिचे वण त्याच दिवशी सकाळी दिसले होते. दोघंही पोट धरून हसले.

पाद्रीबाबा मायदेशी परतले. त्यांना अर्थ सापडला नाही. रामराव मरेपर्यंत ‘कृत्तिकाच’ म्हणत राहिले. शालिग्राम रोज रात्री जेवण झालं की कंदील फुंकून अंगणात बसू लागले, थेट शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. पंचफुला-जानराव मात्र चांगले म्हातारे झाले. दर मार्गशीर्षात तो तोंड वर करून विचारायचा, “निघाली काय वं आपली मज्जारोथ?”

ती त्याचं बोट धरून निंबावर रोखायची. “निघाली.”

“लई झाक,” तो म्हणायचा.